मागची भिंत आणि मुठेचं पाणी

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीची नदीकडची मागची भिंत चार फुटांनी वाढवायचं कोटेशन आलं आहे. पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा रविवारच्या मीटिंगमध्ये हा विषय मार्गी लावायचा आहे. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी आधी इथेच लिहा.

डी-७०१: माझा पाठिंबा. २५ जुलै २०२४ ची पहाट कोण विसरेल? धरणातून पाणी सोडलं म्हणून पूर आला. आपल्या हातात भिंतीशिवाय दुसरं आहे तरी काय?

ए-०२: आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. मुलीची दहावीची पुस्तकं, सासूबाईंची औषधं, गाद्या, सगळं चिखलात गेलं. तेव्हा भिंत होणार असेल तर होऊ दे, पण तिचा खरंच उपयोग होणार का, एवढं मला कोणीतरी सांगा.

बी-४०४: सांगतो, थोडं लांबेल.
सगळे धरणाचं नाव घेतात म्हणून आधी धरणच बघू. पानशेत १०.६५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला फक्त १.९७. म्हणजे पुणे शहराला अगदी खेटून जे आहे तेच चौघांत सगळ्यात लहान. वरची तिन्ही भरलेली नसली तरी त्यांच्या आणि खडकवासल्याच्या मधल्या डोंगरांवर पडलेला पाऊस थेट खालीच येतो. त्या दिवशी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. गुणून बघा, सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर होतात. आपल्याकडे दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे शंभर टँकर दर सेकंदाला. या वेगाने पाणी येत राहिलं तर पूर्ण रिकामं खडकवासला सोळा तासांच्या आत काठोकाठ भरतं. दरवाजे बंद ठेवून ते पाणी अडवून धरणं शक्यच नाही.

सी-३०२: काका, मग पावसाळ्यात ते आधीपासूनच रिकामं का ठेवत नाहीत?

बी-४०४: काही प्रमाणात ठेवतात. कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची याचं वेळापत्रक असतं. पण त्याच पाण्यावर आपलं पिणं आहे आणि कालव्यावर दौंड-इंदापूरची शेती आहे. जुलैच्या सुरुवातीला साठा तळाला असताना पाणी सोडायचं कोणाच्या जिवावर येणार नाही? आणि चार दिवसांत घाटमाथ्यावर असा पाऊस कोसळतो की जागाच उरत नाही. थोडं आधीपासून, टप्प्याटप्प्याने आणि लोकांना सांगून सोडणं, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. आपल्याला त्या पहाटे वेळेवर कोणाचाही निरोप आला नाही, याचा राग मला आजही आहे. वॉचमन दार वाजवत फिरला म्हणून माणसं वाचली.

डी-७०१: तेच तर! निरोप नाही, पाणी मात्र सोडलं. मग दोष धरणाचाच झाला ना?

बी-४०४: ताई, निरोप न येणं हा मोठाच दोष. पण नुसत्या धरणाकडे बोट दाखवलं तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र कशी समजावायची? कात्रजच्या बाजूला पाऊस झाला आणि आंबिल ओढा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल असा सगळं ओरबाडत गेला. वीसच्या वर माणसं गेली. त्या पुराला खडकवासल्याचा विसर्ग कारण नव्हता. तिथे होता डोंगरउतारावरून एकदम आलेला लोंढा आणि भिंतींनी, बांधकामांनी आवळून टाकलेला ओढा.

सी-३०२: माझी मावशी सहकारनगरला राहते. ती म्हणते, ओढ्याची सीमाभिंत आधी पाणी अडवून होती, मग एकदम फुटली आणि सगळं पाणी एका दमात गाड्यांवर आलं.

ई-६०१: मी आजी लिहिते आहे, नात टाइप करते. पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१, मी दहा वर्षांची होते. आम्ही नारायण पेठेत राहायचो. पाणी ओसरल्यावर घराच्या भिंतीवर गाळाची रेघ राहिली होती, माझ्या वडिलांच्या डोक्याच्या वर. वडील म्हणाले, ही रेघ पुसू नका, इथवर नदी येते हे पोरांना कळू दे. पुढे रंग दिला तेव्हा ती गेली. पण त्या वेळी नदीच्या दोन्ही बाजूंना मळे होते हो. आत्ता आपली पार्किंग जिथे आहे तिथेसुद्धा भाजी पिकत असणार.

बी-४०४: आजी, मला नेमकं हेच म्हणायचं होतं. ३५ हजार क्युसेक हा आकडा काठावरच्या माणसाला काहीच सांगत नाही. तेवढ्याच पाण्याला पसरायला जागा असेल तर ते घोट्याएवढं राहतं, जागा आवळली की गळ्याशी येतं. नदीकाठचे मळे हे नदीचे खांदेच होते. वर्षात चार दिवस पाणी त्यांच्यावर चढायचं आणि गाळ टाकून उतरायचं. आता तिथे भराव आहे. माझ्या बाल्कनीतून समोरचा काठ दिसतो. रात्री अकरानंतर टेम्पो येतात, मागचा हौदा उचलतात, राडारोडा उतरवतात आणि जातात. विटांचे तुकडे, फरशा, तुटलेले कमोड. दोन पावसाळे गेले की त्यावर गवत येतं आणि तो काठच वाटायला लागतो. मी सहा वर्षं बघतो आहे, समोरचा चढ किमान दोन माणसं उंच झाला आहे आणि निदान वीस पावलं आत सरकला आहे.
नकाशावर निळी रेषा आणि लाल रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचंच नसतं. पण रेषा मोजली तेव्हाचं पात्र आणि आजचं पात्र एकच नसेल, तर पाणी ती रेषा पाळणार कशी?

ए-०२: म्हणजे समोर भराव पडला की पाणी आमच्या बाजूला?

बी-४०४: हो. आणि आपण भिंत चढवली की ते समोरच्या पत्र्याच्या घरांत, नाहीतर पुढच्या वळणावर. भिंतीबद्दल मला सगळ्यात जास्त हेच खटकतं आहे.

डी-७०१: पण आपण आपलं घर तर वाचवायलाच हवं ना काका? मी स्वार्थीपणाने नाही म्हणत, पण ए विंगचे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

बी-४०४: अगदी खरं आहे. म्हणूनच विचारतो, त्या पहाटे पाणी पहिल्यांदा कुठून आलं? भिंतीवरून?

ए-०२: नाही. भिंत तेव्हा कोरडी होती. जनरेटरच्या शेजारच्या चेंबरचं झाकण आधी थडथडायला लागलं. मला वाटलं उंदीर आहे. मग झाकण सरकलं आणि काळं पाणी उसळून वर आलं. भिंतीकडून पाणी त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने आलं.

बी-४०४: वहिनी, धन्यवाद, मला हेच हवं होतं. आपली पावसाळी लाइन मागे नदीत सुटते. नदी त्या पाइपच्या तोंडाच्या वर चढली की आपलं पाणी बाहेर जायचं थांबतं आणि नदीचं पाणी त्याच पाइपने आत येतं. वडगावच्या, वारज्याच्या ओढ्यांचंही मोठ्या प्रमाणावर हेच होतं. नदी तुडुंब असताना ओढा तिला मिळूच शकत नाही, मागे फुगतो. आणि मुठा स्वतःही संगमावर अडते. मुळशीचा विसर्ग मुळेत, पवना दापोडीला मुळेत, आणि मुळा भरून चालली असेल तर मुठेला पुढे वाट मिळत नाही.
त्यात शहराचा स्वतःचा पाऊस. त्या चोवीस तासांत शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पडला. आपला प्लॉट दोन एकरांचा धरा. शंभर मिलिमीटर पावसात त्यावर आठ लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे ऐंशी टँकर. पूर्वी त्यातलं बरंच मुरायचं. तीन वर्षांपूर्वी आपण मागच्या बागेत सिमेंट केलं, चिखल नको म्हणून. मीही हात वर केला होता. आता ते सगळं पाणी पंधरा मिनिटांत त्याच चेंबरमध्ये जातं.

सी-३०२: मग चार फूट भिंत बांधून आपण आतलं पाणी आतच कोंडून ठेवणार!

सेक्रेटरी: हा मुद्दा कंत्राटदाराने सांगितला नाही. काका, उपाय काय?

बी-४०४: पाइपच्या तोंडाला एका बाजूनेच उघडणारी झडप बसवायची, नॉन रिटर्न. नदी चढली की ती बंद होते. आत साठणाऱ्या पाण्यासाठी पंप लागेल, आणि तो जनरेटरवर चालायला हवा. जनरेटर आधी ओट्यावर चढवावा लागेल. मीटरची खोली वर घ्या, हे सगळ्यात आधी. त्याच दिवशी पुलाची वाडीला शॉक लागून तीन जण गेले. मागचं सिमेंट निदान अर्धं तरी फोडून माती मोकळी करू. आणि समोरच्या भरावाचे फोटो तारखेसह माझ्याकडे आहेत, त्यावर सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज देऊ. आठवडाभरात काही होणार नाही, पण अर्ज गेला पाहिजे.

डी-७०१: मीटरची खोली माझ्या लक्षातच आली नव्हती. सह्यांसाठी डी विंग मी फिरते.

सेक्रेटरी: ठीक. भिंतीचं कोटेशन तूर्त बाजूला ठेवतो. रविवारी मीटिंगच्या आधी, सकाळी साडेसातला चेंबर उघडायला माणूस बोलावला आहे. पाइपचं तोंड नेमकं कुठे सुटतं ते बघू. काका, तुम्ही या.

ए-०२: मी पण येते. जनरेटरपाशी तीन चेंबर आहेत, आधी कुठलं उसळलं ते मी दाखवते.