चिऱ्याचं देऊळ: चुना की सिमेंट, आणि गवंडी गावचाच हवा का? (टोपणनावांनी बोलणाऱ्या चौघांची चर्चा)

खाडीकाठ: किनाऱ्यालगतचं कौलारू देऊळ, जांभ्याच्या दीड-दोन फुटी भिंती, वर मागे कधीतरी मारलेला सिमेंटचा गिलावा. तो आता पोपडे धरून सुटतोय आणि खालचा चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, बोटाला भुकटीसारखा लागतो. कमिटीत काहींना सगळं पाडून स्लॅब हवाय, काहींना शहरातला ठेकेदार. माझं मत: सिमेंट उतरवा, चुन्यात काम करा, माणसं पंचक्रोशीतली घ्या. चिरा पाणी पितो, ते बाहेर पडायला वाट लागते. सिमेंट ती बुजवतं, मीठ आतच साचतं, फुगतं आणि चिऱ्याचे पापुद्रे काढतं. शेवटी गिलावा पडतो तो चिरा सोबत घेऊनच.

जमाखर्च: गावचा गवंडी म्हणजे चुना येतोच, हे कुणी ठरवलं? आज बहुतेकांचा हात सिमेंटवर बसलाय. चुना दिलात तर एका दिवसात इंचभर थर ओढतील, घोटून गुळगुळीत करतील, आठवड्यात भेगा. मग चुन्याच्या नावाने शंख! त्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस. काम दिवाळीनंतर सुरू, मेअखेर बंद.

चुनकळी: भेगांचं कारण बरोबर, पण तो चुन्याचा दोष नाही. शिंपल्यांची कळी, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, भट्टीतून आली की लगेच पाण्यात विरवायची, उघड्यावर राहिली तर मरते. पाण्यात कळी टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, अंगावर उडतं. गाळून खड्ड्यात पाण्याखाली निदान महिनाभर ठेवा. मग एक भाग चुना, अडीच ते तीन भाग वाळू. वाळू खाडीची असेल तर गोड्या पाण्यात धुवा आणि चिमूटभर जिभेवर ठेवून बघा; खारट लागली तर परत धुवा.

भिंत आधी ओली करायची. थर दहा-बारा मिलिमीटरचा, पुढचा आठवड्याने, वर ओलं गोणपाट. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन होतो. उन्हात भाजला तर भुगा. जोत्याला आणि पागोळ्या पडतात तिथे नुसता शिंपल्यांचा चुना चालत नाही, तो ओलीत धरत नाही. तिथे वाळूतला एक भाग कमी करून सुरकी, म्हणजे विटांची पूड, घाला, तीही कमी भाजलेल्या विटांची. काळ्या, करपलेल्या विटांची पूड म्हणजे वाळूच.

जमाखर्च: चुन्यात घालतात तो गूळ-हिरडा राहिला की!

चुनकळी: तो नमुना मारून ठरवतात. गूळ जास्त झाला की चुना धरायला वेळ लावतो, शिवाय मुंग्या.

किंजळ: भिंतीवरच अडकलात, छपराचं काय? तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक कुजतं, बाकी लाकूड बहुधा ठणठणीत असतं. कुजका भाग कापून त्याच जातीचं सुकं लाकूड तिरक्या सांध्याने जोडा, लाकडी खुंट्या मारा, टोकाभोवती बोटभर पोकळी सोडा. घनफुटावर बिल काढणारा ठेकेदार अख्खी तुळई बदलणार, टोक जोडून त्याला काय मिळणार? म्हणून सुतार हजेरीवरच, रोजाने हवा.

जमाखर्च: आणि हजेरीवर काम लांबलं की वर्गणीदारांना उत्तर कोण देणार? सिमेंट काढा हे मला पटलं. पण सिंधुदुर्ग किल्ला चुन्यात उभा आहे असले दाखले नकोत. तिथे 1664 ला राजाने काम काढलं, पायात शिसं ओतलं. इथे पावतीपुस्तक आहे.

खाडीकाठ: मग हजेरी लाकडाला, ठेका भिंतीला, दर चौरस फुटावर. त्याआधी पश्चिमेच्या, झड लागणाऱ्या भिंतीवर मीटरभर चौकोनाचा नमुना. ज्याचा नमुना पावसाळ्यात टिकेल त्याच गवंड्याला काम, मग तो गावचा असो की नसो.

जमाखर्च: म्हणजे एक पावसाळा गेला. तोवर कौलांतून गळतंय त्याचं?

किंजळ: शाकारणी वैशाखातच उरका. फुटकी कौलं, वाळवी लागलेल्या रिपा बदला. छप्पर गळत असताना चुन्याला हात लावू नका.