मदत हवी आहे: जास्मोनेट दिल्यावर अश्वगंधाची मुळे तपकिरी पडतात

अश्वगंधाच्या हेअरी रूट कल्चरमधून (ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूने जनुके घातल्यावर माध्यमात वाढणारी मुळे) विदाफेरिन-ए हे औषधी संयुग मिळवायचे आहे. पीसीआरमध्ये मुळांत शिरलेले रोल-बी जनुक दिसते, जिवाणूतच राहणारे विर-डी नाही. म्हणजे ॲग्रोबॅक्टेरियम उरलेला नाही. माध्यम अर्ध्या ताकदीचे एमएस (मुराशिगे-स्कूग पोषक माध्यम), सुक्रोज 3 टक्के, पीएच 5.8. 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 50 मिली, 25 अंश, अंधार, 80 आरपीएम.

30व्या दिवशी 100 मायक्रोमोलर मिथाइल जास्मोनेट (मुळांना अशी संयुगे जास्त बनवायला लावणारे वनस्पती-संप्रेरक) घातले की 48 तासांत टोके तपकिरी होतात आणि वाढ थांबते. एचपीएलसीवर (संयुगे वेगळी करून मोजणारे यंत्र; सी-18 स्तंभ, 227 नॅनोमीटर) ग्रॅममागे विदाफेरिन वाढते खरे, पण मुळांचे सुके वजनच घटते. फ्लास्कमागे हिशेब केला तर कंट्रोलइतकेच. ग्रॅममागचा आकडा इथे फसवा आहे.

नुसते 0.1 टक्के इथेनॉल दिलेली मुळे ठणठणीत आहेत, तेव्हा दोष द्रावकाचा नाही. 50 मायक्रोमोलरला तपकिरीपणा कमी, पण विदाफेरिनही जेमतेम. लिटरमागे 100 मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्लाने माध्यम स्वच्छ राहिले, मुळे नाहीत. वापरलेल्या माध्यमाच्या इथाइल ॲसिटेट अर्कात विदाफेरिन सापडले नाही. बायोरिॲक्टर नाही, फक्त शेकर आहे.

100 मायक्रोमोलर काही तासच देऊन मुळे ताज्या माध्यमात हलवावीत, की 25-25 असे दोनदा द्यावे? हलवायची असतील तर किती तासांनी?