पार्किन्सन्स, मरणाऱ्या पेशी आणि पार्प इनहिबिटर – मदत हवी आहे

कोकणकडा: बाबांना पार्किन्सन्स निघालाय. डॉक्टर म्हणाले मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतायत, त्या परत येत नाहीत, गोळ्या सुरू करा. दोन मिनिटांत आम्ही बाहेर. मग रात्रभर वाचत बसलो तर जॉन्स हॉपकिन्सला टेड डॉसन आणि व्हॅलिना डॉसन म्हणून नवरा-बायको आहेत, त्यांनी पेशी मरायच्या या पद्धतीला पार्थॅनॅटॉस नाव दिलंय, २०१८ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये पेपर आलाय की उंदरांत पार्प-१ हे एन्झाइम बंद केलं तर अल्फा-सिन्युक्लिन या प्रोटीनच्या गुठळ्यांपासून पेशी वाचतात. आणि पार्प बंद करणारं ओलापॅरिब कॅन्सरसाठी आपल्याकडे मिळतंच की!! मग बाबांना का नाही? ऑफ-लेबल, म्हणजे ज्या आजारासाठी मंजुरी नाही त्यासाठी, लिहून देणारा न्यूरॉलॉजिस्ट कोणाला माहीत आहे का, पुणे मुंबई कुठेही. धीर धरा वगैरे प्लीज नको.

बाराखडी: वय? कधीपासून? कंप एका हाताला की दोन्ही? आणि आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत?

तिखटमीठ: खाजकुइलीच्या बिया द्या. शुद्ध केलेलं चूर्ण, दुधातून. माझ्या आतेसासऱ्यांचा हात थांबला.

पेठकर: काकू, त्या बियांत लेव्होडोपाच असतो, जो गोळीत असतो तोच. फक्त चमच्यात किती गेला ते कळत नाही. वर गोळी चालू असेल तर डबल डोस. आणि मरणाऱ्या पेशी त्याने थांबत नाहीत, प्रश्न तो आहे.

तिखटमीठ: गोळीवाल्यांना नेहमीच आयुर्वेद खुपतो.

गोठलेला_सॅम्पल: लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. पार्प मुळात तुटलेला डीएनए दुरुस्त करायला असतं. नुकसान फार झालं की ते नको इतकं पेटतं, पॅर नावाच्या साखळ्यांचा ढीग होतो, मग मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या वीजघरातून, एआयएफ नावाचं प्रोटीन सुटून केंद्रकात शिरतं, एमआयएफ या दुसऱ्या प्रोटीनला सोबत नेतं आणि हे एमआयएफ डीएनएचे तुकडे करतं. पॅर त्या अल्फा-सिन्युक्लिनच्या गुठळ्यांना आणखी विषारी करतं, हाच तो पेपर. पण अहो, ते उंदीर होते. ओलापॅरिबने रक्त कमी होतं, मेंदूत ते नीट पोचत नाही, आणि दुरुस्तीचं एन्झाइम वयस्कर माणसात वर्षानुवर्षं बंद ठेवायचं का? कॅन्सरमध्ये हिशोब वेगळा असतो.

चहाबिस्किट: नवरा-बायको एकाच लॅबमध्ये?? आमचं एका किचनमध्ये जमत नाही.

कोकणकडा: वय ६८, आठ महिने, दोन्ही हात. बीपीची गोळी आणि ॲसिडिटीची, बाकी काही नाही. याचा प्रश्नाशी काय संबंध??

बाराखडी: ॲसिडिटीची कुठली? पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं, तसंच्या तसं टाका.

पेठकर: गोळी सुरू केली असेल तर जेवणाच्या अर्धा तास आधी द्या. डाळ-पनीरबरोबर घेतली की प्रोटीन मधे येतं.

कोकणकडा: रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. दोन वर्षं घेतायत, मेडिकलवाला देतो, जुन्या चिठ्ठीवर.

बाराखडी: हेच विचारत होतो. लेव्होसल्पिराइड डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर डोपामिन जिथे चिकटतं त्या जागा, अडवतं. हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा कोरा होणं, सगळं हुबेहूब पार्किन्सन्ससारखं, आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंना. तसं असेल तर पेशी मेलेल्याच नाहीत, नुसतं कुलूप लागलंय. न्यूरॉलॉजिस्टला ही गोळी सांगितली होती का?

कोकणकडा: नाही. ते म्हणाले बाकी काही चालू आहे का, आम्ही म्हणालो बीपी. ॲसिडिटीची गोळी ही काय सांगायची गोष्ट वाटली नाही.

गोठलेला_सॅम्पल: बाराखडी, इतक्यात निकाल देऊ नका. आतून पार्किन्सन्स सुरू असतो आणि अशा गोळीने तो वर येतो, असंही होतं. डोपामिनच्या पेशी शाबूत आहेत का ते दाखवणाऱ्या ट्रोडॅट स्कॅनमध्ये फरक दिसतो, नुसत्या गोळीमुळे असेल तर तो नॉर्मल येतो.

बाराखडी: मान्य. कोकणकडा, मनाने काही बंद करू नका, पाकीट घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. गोळी बदलली तरी लक्षणं उतरायला काही महिने लागतात.

चहाबिस्किट: पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, घरच्यांनाही बोलायला बरं पडतं.

कोकणकडा: गुरुवारची वेळ मिळालीय. पाकीट बाबांच्या फाइलला स्टेपल केलंय. स्कॅनचं विचारतो.

तिखटमीठ: चूर्ण कुठे मिळतं हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.