बाळंतपणाच्या पिशवीत काय काय भरावं?

प्रश्न: वहिनीला ३६वा आठवडा लागला. गाव नाल्यापलीकडं, दवाखाना २२ किलोमीटर. पिशवीत नेमकं काय हवं?

उत्तर १: ताई, आधी कागदं. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाची चिठ्ठी, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, सगळं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, सर्वांत वर. ऐनवेळी कार्ड घरी राहिलं तर हिमोग्लोबिन, बीपीची जुनी नोंद डॉक्टरांना दिसत नाही.

उत्तर २: बाळासाठी जुन्या सुती लुगड्याची ४ दुपटी, धुऊन कडक उन्हात वाळवलेली. ८-१० लंगोट, २ टोपडी, २ झबली. टोपडं विसरू नका, ओल्या डोक्यातून बाळ लवकर गार पडतं. बाळंतिणीला समोरून उघडणारे २ गाऊन, मोठे पॅड, चादर, चप्पल, पेला. मध, गुटी मात्र नको! पहिल्या तासात आईचंच दूध.

उत्तर ३: १०२ नंबरची सरकारी रुग्णवाहिका न्यायला आणि परत आणायलाही फुकट आहे. आशाताईचा नंबर कागदावरही लिहा, मोबाईल बंद पडतो. पाणमोट फुटली तर वेळ लिहून ठेवा, कळा नसल्या तरी निघा. पाणी हिरवट असेल तर क्षणभरही थांबू नका. पावसाळ्यात नाला चढायच्या आधीच वहिनीला दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडं ठेवा.