ॲरोहेडला ‘डोकं’ नको, मग काय म्हणायचं?

पाचपाखाडी, अनुवादाचं काम

एका शब्दावर दोन दिवस अडकले आहे. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका हौशी तिरंदाजांनी एक अमेरिकी पुस्तिका मराठीत करायला दिली आहे. साध्या लाकडी धनुष्याने शिकार करणारे तिकडचे लोक बाणांची धातूची टोकं हाताने कशी घडवतात, हा तिचा विषय. आधी त्यांनी संगणकाकडून करून घेतलेला मसुदाही सोबत जोडलाय. त्यात ॲरोहेडचं ‘बाणाचे डोके’ झालंय, ब्रॉडहेडचं, म्हणजे शिकारीच्या रुंद टोकाचं, ‘रुंद डोके’, आणि वजनाच्या जागी ‘१२५ दाणे’.

माझ्यापुढे आत्ता पाच शब्द आहेत: टोक, अणी, पातं, फाळ, बाणाग्र. फाळ म्हटलं की नांगर दिसतो. बाणाग्र म्हटलं की संग्रहालयातली काचेची पेटी आणि तिच्यातली चिठ्ठी. पुस्तिकेतला माणूस मात्र परसात हातोडा घेऊन बसलाय. त्याच्या तोंडी काय शोभेल?

कळवा

‘टोक’ लिहा आणि मोकळ्या व्हा. कुणालाही कळतं.

पाचपाखाडी, अनुवादाचं काम

तेच केलं होतं. मग तिसऱ्या पानावर हे वाक्य तयार झालं: ‘टोकाचं टोक बोथट झालं तर टोकाच्या दोन्ही कडा टोकाकडून मागे घासा.’

रबाळे, फॅब्रिकेशनचं काम

ताई, वस्तू कशी दिसते ते सांगा, नाव आपोआप येईल. खिळ्यासारखं नुसतं घुसणारं असेल तर अणी म्हणा, टोक म्हणा. दोन बाजूंना धार असलेलं चपटं असेल तर ते पातंच. भाल्याचं पातं म्हणतो, कुऱ्हाडीचं पातं म्हणतो, मग बाणाचं का नको? आमच्या शॉपमधल्या कुठल्याही पोराला ‘बाणाचं पातं काप’ म्हटलं तर तो पत्र्यावर बरोबर आकृती काढेल. ‘बाणाग्र काप’ म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघत बसेल.

पाचपाखाडी, अनुवादाचं काम

दोन्ही प्रकार आहेत, दादा. सरावासाठी बिनधारेची गोल अणी आणि शिकारीसाठी धारदार चपटं पातं. म्हणजे तुमची वाटणी पुस्तिकेला बरोबर बसते. लांबी रुंदीच्या तिप्पट असावी असंही दिलंय. हॉवर्ड हिल हा तिकडचा नावाजलेला धनुर्धर याच मापाचा आग्रह धरायचा. म्हणजे पात्याचा उतार बेताचा राहतो आणि ते अडत नाही.

येऊर पायथा

शब्द राहू द्या बाजूला, इथे कोणाला शिकार शिकवताय? माझ्या मागच्या भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यान सुरू होतं.

पाचपाखाडी, अनुवादाचं काम

कोणालाच नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि ते पहिल्या पानावर ठळक टाकायला मी सांगितलंय. मुद्दा घडवण्याच्या कलेचा आहे. हे गृहस्थ गवताच्या गंजीवर नेम धरतात.

नौपाडा, निवृत्त संस्कृत शिक्षिका

उशिरा वाचलं. रबाळ्याच्या दादांशी सहमत आहे, पण त्यांनी सुचवलेल्या शब्दाच्या आधीचा एक शब्द मराठीत अजून जिवंत आहे आणि आपण तो रोज वापरतो. फक्त बाणाला लावत नाही.

बाणाच्या टोकाला संस्कृतात ‘शल्य’ म्हणतात. शल्याचं प्राकृतात ‘सल्ल’ झालं आणि मराठीत ‘सल’. मनात सल राहिला, बोलणं सलत राहिलं, असं म्हणतो ना आपण? ते बाणाचं टोक आहे. दांडी मोडून निघाली, टोक आत राहिलं. साळिंदरालाही संस्कृतात शल्यक म्हणतात, अंगभर टोकंच टोकं म्हणून. आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या पाटीवरचा ‘शल्यचिकित्सक’ म्हणजे मुळात असं रुतलेलं टोक काढणारा. सुश्रुताने शरीरात शिरून त्रास देणाऱ्या सगळ्याच वस्तूंना शल्य म्हटलं आहे, पण त्यांत लोखंडाची मुख्य आणि लोखंडांतही बाण मुख्य. कारण तो आवरायला कठीण, तोंडाने बारीक आणि लांबून काम करणारा. त्याचेही त्याने दोन प्रकार केले: ‘कर्णी’ म्हणजे मागे वळलेल्या कानांचा, आणि ‘श्लक्ष्ण’ म्हणजे गुळगुळीत. काढणाऱ्याच्या दृष्टीने केलेली वाटणी आहे ती. गुळगुळीत असेल तर आल्या वाटेने निघतो, कानांचा असेल तर मांस फाडतो.

दिवाळे कोळीवाडा

बाई, कर्णी म्हणजे आमच्या गरीचा काटा! मासा ओढला की उलटा रुततो, तोच ना? आमच्याकडे पोरांच्या बोटात गरी शिरली की मागे ओढत नाहीत. पुढे ढकलून काटा बाहेर काढायचा, तो पक्कडीने तोडायचा, मग उरलेली गरी मागे घ्यायची. हे कोणी पोथीत वाचून केलेलं नाही.

नौपाडा, निवृत्त संस्कृत शिक्षिका

तोच काटा. आणि पुढे ढकलून काढण्याचा उपायही सुश्रुताने सांगितला आहे. तुम्ही योग्य परंपरेत आहात.

पाचपाखाडी, अनुवादाचं काम

पुस्तिकेत असे काटे करू नका म्हटलंय. अमेरिकेच्या काही राज्यांत काटेरी पात्याने शिकार करायला कायद्यानेच मनाई आहे. ‘बार्ब’साठी काटा हाच शब्द घेते. ‘कर्ण’ लिहिलं तर वाचक महाभारतात जाईल.

कळवा

मध्येच एक शंका. तो सल की ती सल? आमच्या घरी यावरून जेवण थांबलं होतं.

नौपाडा, निवृत्त संस्कृत शिक्षिका

दोन्ही छापून येतात. मी ‘तो सल’ म्हणते. जेवून घ्या.

घणसोली

बाई, अशी आणखी नावं असतील ना? पौराणिक मालिकांत दर बाणाला वेगळं नाव असतं.

नौपाडा, निवृत्त संस्कृत शिक्षिका

मालिकांतली अस्त्रं सोडा, धनुर्वेदाच्या ग्रंथांतली साधी पाती घ्या. तिथे त्यांना ‘फल’ म्हटलं आहे आणि यादी दहाची आहे: आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक, काकतुंड. सगळी आकारावरून पडलेली नावं. गाईचं शेपूट, वासराचा दात, कावळ्याची चोच. लोहाराने शेतावर जे पाहिलं ते ऐरणीवर उतरवलं.

आता यातली तीन नावं ओळखा पाहू. आरा म्हणजे चामडं टोचायचं हत्यार, ती चांभाराची आरी. भल्लाचा भाला झाला, हे कोणीही सांगेल. आणि क्षुरप्र?

रबाळे, फॅब्रिकेशनचं काम

खुरपं??

नौपाडा, निवृत्त संस्कृत शिक्षिका

खुरपं. पुढून रुंद, धारदार बाण होता तो. शत्रूच्या धनुष्याची दोरी कापायला, ध्वज पाडायला वापरल्याची वर्णनं आहेत. आज तुमच्या सोसायटीचा माळी त्याने हरळी काढतो. पाचपाखाडीच्या ताईंना ब्रॉडहेडला नेमका जुना प्रतिशब्द हवा असेल तर तो क्षुरप्र, पण त्याचं चालू मराठी रूप लिहिलं तर ‘शिकारीसाठी खुरपे घडवा’ होईल.

पाचपाखाडी, अनुवादाचं काम

आमच्या तिरंदाज साहेबांना हृदयविकार होईल.

घणसोली

आणि नाराच? तो यादीत नाही.

नौपाडा, निवृत्त संस्कृत शिक्षिका

तो टोकाचा प्रकार नाही. ‘सर्वलोहास्तु ये बाणा नाराचास्ते प्रकीर्तिताः’, म्हणजे दांडीसकट सगळा लोखंडाचा तो नाराच. जड असतो, सोडायला कठीण. मराठीत ‘बाणाचं टोक’ या अर्थी नाराच लिहिलेलं दिसतं, ते चूक आहे.

रबाळे, फॅब्रिकेशनचं काम

मी पण एक टाकतो. आमचे आजोबा शहापूरकडे लोहारकाम करायचे. कोळसा फुलवायच्या चामड्याच्या पिशवीला ते भाता म्हणायचे. शाळेत आलो तर रामाच्या पाठीवरही भाता. मला बरीच वर्षं वाटायचं की राम पाठीवर लोहाराचा भाता घेऊन का फिरतो.

नौपाडा, निवृत्त संस्कृत शिक्षिका

वा! दोन्ही एकच आहेत. भस्त्रा म्हणजे चामड्याची पिशवी. एकीत वारा भरला, दुसरीत बाण. पातं एका भात्यापाशी जन्मतं आणि दुसऱ्या भात्यात जाऊन बसतं. यापेक्षा चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

पाचपाखाडी, अनुवादाचं काम

आता कामाचे शब्द. पात्याला मागे पोकळ नळी असते, तिच्यात दांडी बसते. दुसऱ्या प्रकारात पात्याचाच निमुळता भाग दांडीत शिरतो. आणि ते ‘१२५ दाणे’ म्हणजे १२५ ग्रेन, साधारण ८ ग्रॅम. ग्रेनच ठेवू ना?

रबाळे, फॅब्रिकेशनचं काम

ग्रेन ठेवा, कंसात ग्रॅम द्या. सोनाराकडे जाणार असाल तर आठ मासे म्हणा. पोकळ भागाला खोबण. ती कशी करतात ते पुस्तिकेत असेलच, पण वाचकाला दिसायला हवं: पट्टीचं एक टोक ठोकून पंख्यासारखं पसरट करायचं आणि निमुळत्या सळईभोवती गरम असताना वळवून घ्यायचं. कागदाची पुडी वळतो तसं. दांडीत शिरणाऱ्या भागाला आम्ही विळ्या-कोयत्याच्या बाबतीत शेपटी म्हणतो.

लोखंड कोणतं सांगितलंय? एमएसच्या, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलच्या पट्टीचं पातं कितीही तापवून बुडवलं तरी कडक होणार नाही, कार्बनच तेवढा नसतो त्यात. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा किंवा जुन्या हातकरवतीचं पान पाहिजे.

पाचपाखाडी, अनुवादाचं काम

करवतीचं पानच आहे, दादा. शिवाय जुन्या काळाबद्दल एक परिच्छेद आहे. व्यापारी पिंपांना घट्ट बसवायच्या लोखंडी पट्ट्या तिकडच्या मूळ रहिवाशांच्या हाती आल्या आणि त्यांनी छिन्नीने कापून त्यांची पाती केली. गारगोटीची पाती हळूहळू मागे पडली.

येऊर पायथा

बरं, शिकारीला ‘पारध’ का लिहीत नाही? शिकार फारसी आहे.

नौपाडा, निवृत्त संस्कृत शिक्षिका

पारध चालेल की. फक्त तो आला आहे ‘पापर्द्धि’वरून, म्हणजे पापाची भरभराट. तुमच्या भिंतीपलीकडच्या प्राण्यांना पटेल.

पाचपाखाडी, अनुवादाचं काम

शिकारच ठेवते. तीर, कमान आणि चिल्ला (धनुष्याची दोरी) हेसुद्धा फारसीच, आणि कोणाचं काही अडत नाही.

एक परिच्छेद तपासून द्या: ‘पातं चेरीसारखं लाल होईपर्यंत तापवा. चुंबक त्याला धरेनासा झाला की लगेच तेलात बुडवून पाणी द्या. नंतर हलक्या आचेवर गवतासारखा पिवळा रंग चढेपर्यंत पुन्हा तापवा.’

रबाळे, फॅब्रिकेशनचं काम

चेरी कोणी बघितलीय? डाळिंबाच्या दाण्यासारखं लिहा. चुंबक सुटतो तो साधारण ७७० अंशांना, त्याच्याही थोडं वर न्यायचं. गवत वाळलेलं लिहा, नाहीतर लोक हिरव्याची वाट बघतील. आणि तो दुसऱ्यांदा तापवायचा भाग गाळू नका, पहिल्या बुडवणीनंतर पातं काचेसारखं असतं, हातातून पडलं तरी मोडेल. रंग चढतो तो २३० अंशांच्या आसपास. त्याला आमच्याकडे टेंपर काढणं म्हणतात.

कळवा

तेलात बुडवून पाणी कसं देणार? तेल की पाणी?

रबाळे, फॅब्रिकेशनचं काम

पाणी देणं, पाणी पाजणं म्हणजे कडक करणं. मग कशातही बुडवा. आजोबा ‘तेलाचं पाणी दिलंय’ असंच म्हणायचे. साध्या पाण्यात पातळ पातं टाकलं तर तडकतं, म्हणून तेल.

नौपाडा, निवृत्त संस्कृत शिक्षिका

आजोबांची भाषा जुनी होती. सुश्रुताकडे शस्त्रांच्या या संस्काराला ‘पायना’ म्हणजे पाजणंच म्हटलं आहे आणि ती तीन प्रकारची: क्षारात, पाण्यात आणि तेलात. बाण, शल्य आणि हाड कापायच्या शस्त्राला क्षार पाजायचा, मांस कापायच्या शस्त्राला पाणी, शीर टोचायच्या नाजूक शस्त्राला तेल. ‘तेलाचं पाणी’ बिनधास्त ठेव.

पाचपाखाडी, अनुवादाचं काम

ठेवलं. चेरी गेली, डाळिंब आलं. ब्रॉडहेडला ‘रुंद पातं’, सरावाच्याला ‘अणी’, मागे खोबण किंवा शेपटी. तेलाच्या पाण्याबद्दल तिरंदाज साहेबांचा फोन आला तर त्यांना तुमच्याकडे पाठवते, दादा.

रबाळे, फॅब्रिकेशनचं काम

पाठवा. येताना करवतीचं पान घेऊन या म्हणावं.