३१८(४) मध्ये एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली. जामीन अर्ज आधी कुठे करायचा?

नवखा:
चुलतभावाला फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झालीय. कलम बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ३१८(४), म्हणजे जुनं ४२०. दोन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी) झाली, काल एमसीआर मिळाली. अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करायचा की थेट सेशनला? परजिल्ह्यातला जामीनदार चालतो का? आणि साठ दिवसांनी आपोआप सुटका होते म्हणतात, ते खरं का?

कोर्टाची पायरी:
आधी मॅजिस्ट्रेट. या कलमाला कमाल सात वर्षं शिक्षा आहे आणि खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच चालतो, म्हणून बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४८० खाली तिथेच अर्ज. फेटाळला तर ४८३ खाली सेशन, मग हायकोर्ट. थेट सेशनला जाता येतं, पण एक पायरी उगाच हातची जाते.

अर्जाला वकीलपत्र लागतं. आरोपी आत असल्याने त्यावर सही जेलमधून आणावी लागते. सोबत एफआयआर आणि रिमांड रिपोर्टची प्रत घ्या. रिमांड रिपोर्ट ओळ न् ओळ वाचा. कागदपत्रं जप्त झाली, बँकेचे तपशील मिळाले असं पोलिसांनीच लिहिलं असेल, तर आता कोठडीत ठेवून काय साधणार, हा तुमचा मुख्य मुद्दा. ‘खोटं गुंतवलं आहे’ एवढ्यावर अर्जात दम येत नाही. आधीचे गुन्हे असतील तर लपवू नका, पोलिसांच्या ‘से’मध्ये (अर्जावरच्या लेखी म्हणण्यात) ते येतातच. तारखाही या ‘से’पायीच जातात, तेव्हा अर्जाची प्रत तपास अधिकाऱ्याला लगेच पोचेल असं बघा.

जुना कारकून:
ऑर्डर झाली की लोक पेढे आणतात, खरी धावपळ तिथून पुढे. समजा १५,००० चा पीआर बॉण्ड (आरोपीचा स्वतःचा जातमुचलका) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार असा आदेश झाला. जामीनदाराला पैसे भरायचे नसतात. आरोपी तारखेला आला नाही तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. त्याचे आधार, रेशन कार्ड, फोटो आणि ऐपतीसाठी सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराची स्लिप तयार ठेवा. आधारवरचं नाव सातबाऱ्याशी जुळत नसेल तर तिथेच अडतं. आणखी कितीजणांना जामीन राहिलाय, हेही त्याला लिहून द्यावं लागतं (कलम ४८६). कोर्टाबाहेर भाड्याने मिळणारे जामीनदार घेऊ नका, कागद बनावट निघाले तर नवा गुन्हा.

परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम प्रकरणात सांगितलंय. पडताळणीला मात्र वेळ लागतो. तोवर तात्पुरत्या रोख जामिनाची परवानगी मागा. सुटकेचा आदेश जेलची संध्याकाळची बंदी झाल्यावर पोचला तर ती रात्र आतच.

तारखांचा हिशेब:
आपोआप काही होत नाही. बीएनएसएस कलम १८७(३) नुसार दहा वर्षं किंवा अधिक, जन्मठेप वा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी ६०. तेवढ्यात पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर जामीन मागण्याचा हक्क मिळतो. मोजायचे अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. ६१ व्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज द्या. त्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर हा हक्क संपला. मधेच बीएनएस कलम ३३८ (जुनं ४६७, मौल्यवान दस्तऐवज बनावट करणं) वाढवलं तर मुदत ९० वर जाते आणि मॅजिस्ट्रेटकडून जामीनही अवघड होतो. तेव्हा प्रत्येक रिमांडला कलमं तपासा.

नवखा:
पोलीस पुन्हा पीसीआर मागू शकतात, म्हणून जामीन नाकारतील का?

तारखांचा हिशेब:
तुमच्या केसमध्ये पहिल्या ४० दिवसांत तुकड्यातुकड्याने एकूण १५ दिवस मागू शकतात. पण पहिल्या १५ दिवसांनंतरही पीसीआर लागेल, एवढ्या एकाच कारणावर जामीन नाकारता येत नाही, हे ४८० मध्येच लिहिलंय. अर्जात ते कलमासह टाका.

कोर्टाची पायरी:
वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, हेल्पलाइन १५१००. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकाने त्यांच्या सचिवांना कळवायचं असतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा आदेश आहे. महिनाभरात बॉण्ड भरता आला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहूनही करू शकतं, पण वाट बघू नका, तसा अर्ज द्या.