लूप जुळला म्हणजे मॉडेल पास?

उंबरठा:
काल डोमेनदासांनी ठोकून दिलं: "फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिकची मॉडेलं आता इतकी पक्की झालीत की नमुने दाबत बसणं म्हणजे वेळेची नासाडी." (फेरोइलेक्ट्रिक म्हणजे ज्याच्या आत डोमेन नावाचे बारीक भाग असतात; प्रत्येकाचं पोलरायझेशन, म्हणजे विजेची दिशा, फील्डने किंवा दाबाने वळवता येते.) राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

१९९५ चं ह्वांग-लिंच-मॅकमीकिंग मॉडेल घ्या. प्रत्येक ग्रेन (सिरॅमिकमधला बारीक स्फटिककण) सुटा, शेजाऱ्याशी अबोला. विद्युत आणि यांत्रिक काम मिळून उंबरठा ओलांडला की डोमेन पलटलं. उंबरठा ९० अंशांनी वळायला जो, तोच १८० अंशांनी उलटायला! अहो, दाबाने १८० अंशांचं पलटणं होतच नाही, दोन्हीकडे स्ट्रेन (आकारातला बदल) सारखाच. मग एका मापाने दोघांना कसं मोजता? वर पॅरामीटर ज्या लूपला (फील्ड वर-खाली करताना पोलरायझेशनचा मिळणारा बंद आलेख) बसवले तोच लूप पुन्हा काढायचा आणि म्हणायचं, भाकीत! पेपर फोडून पहिला नंबर.

डोमेनदास:
तीस वर्षांपूर्वीचं मॉडेल झोडपायला काय जातंय. १९९९ च्या ह्यूबर-फ्लेक-लँडिस-मॅकमीकिंगमध्ये ग्रेनची आपसातली ओढाताण आहे. फेज-फील्ड प्रकारच्या मॉडेलांत डोमेनच्या भिंती आपोआप उभ्या राहतात. मल्टिलेअर ॲक्च्युएटरच्या (सिरॅमिक आणि इलेक्ट्रोडचे थर रचलेला, वीज दिली की किंचित लांबणारा भाग) आत इलेक्ट्रोड जिथे संपतो, त्या टोकाशी फील्ड एकवटतं आणि तडे तिथून निघतात. तिथे स्ट्रेन गेज चिकटवून दाखवा, मग बोलू.

तेलकट:
नासाडी? पोलिंग, म्हणजे गरम तेलात जोरदार फील्ड लावून डोमेन एका दिशेला वळवणं, केलंय कधी? सिलिकॉन तेल १२० अंशांवर, मिलिमीटरला २ किलोव्होल्ट. एमटेकला असताना चार दिवस घासलेली पीझेडटी या फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिकची चकती लावली. कडेवर इलेक्ट्रोडच्या सिल्व्हर पेस्टचा केसाएवढा ओघळ राहिला होता. टच्चकन आवाज, तेलात निळी ठिणगी, चकतीला सुईएवढं काळं भोक. दुसरी लावली. गार होईपर्यंत फील्ड चालू ठेवायचं असतं, तेवढ्यात लोडशेडिंग!

उंबरठा:
पेस्ट भाजली होती की नुसती वाळवली?

तेलकट:
भाजली होती हो! ६०० अंशांवर! तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?

खटका:
एवढं लांब कशाला जाता, ओट्यावरच्या गॅस लायटरमध्येही हेच सिरॅमिक आहे. हातोडी आपटते, हजारो व्होल्ट, ठिणगी. आमचा चार वर्षांत मंदावला. रोजचे घाव खाऊन डोमेन आडवे पडले असणार. हे कुठल्या मॉडेलात आहे?

डोमेनदास:
ताई, टोकाला फोडणीचं तेल बसलं असेल. पुसून बघा.

खटका:
पुसला. पेटला. तरी मुद्दा तोच.

तेलकट:
आमच्या घरी आगपेटीच.

उंबरठा:
लायटर पुरे! डोमेनदास, मूळ प्रश्नावर या. दाब तसाच धरून ठेवला तरी पोलरायझेशन घसरत राहतं. ०.१ हर्ट्‌झचा लूप आणि १० हर्ट्‌झचा लूप एकमेकांवर बसत नाहीत. तुमच्या १९९९ च्या मॉडेलात घड्याळच नाही.

डोमेनदास:
बरं बाबा, नाही. "नासाडी" शब्द मागे घेतो, खूश? इलेक्ट्रोडच्या टोकाचं मात्र मागे घेत नाही. घड्याळ टाकतो मी, पण आकडे कुठले घेऊ? दाब एका दिशेने, फील्ड तिरकं, मिनिटाला, दहा मिनिटांना आणि तासाला रीडिंग. असं मोजणारे बोटांवर मोजण्याइतके. तुमच्याकडे आहे?

उंबरठा:
तिरकं नाही. सरळच आहे.

डोमेनदास:
म्हणजे एका अक्षावरचं. वा!

तेलकट:
माझ्याकडे पोलिंगनंतर तिरके कापलेले तीन ठोकळे आहेत. दोन तडकलेत. तिसरा पाठवतो, पण इलेक्ट्रोड तुम्ही लावा.